जयगडच्या खाडीतले दोन दिवस

मुंबईहून रत्नागिरीला जायला आज कोकण रेल्वे आहे, महामार्ग आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला मात्र समुद्राचीच वाट जवळची होती. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची, बंदराबाहेर उभी राहायची आणि पडाव येऊन उतारूंना किनाऱ्याला न्यायचे. ती बोट कधीच बंद झाली. गेल्या जानेवारीत मात्र त्याच पाण्यावरून गावी जाण्याचा योग आम्हाला आला, तो मामूंमुळे.

मामू जहाजावर चीफ इंजिनिअर होते. त्यांचे वडील सारंग. चौतीस वर्षे इंजिनरूममध्ये काढल्यावर माणूस समुद्राला कंटाळेल असे आपल्याला वाटते. मामूंनी निवृत्तीनंतर एकतीस फुटांची जुनी शिडाची बोट विकत घेतली. फायबरची बोट, एक डोलकाठी, दोन शिडे आणि वारा पडला तर कामाला येणारे तीन सिलिंडरचे छोटे डिझेल इंजिन. आम्ही दोघे, आमचा चौदा वर्षांचा मुलगा आणि मामू, असे चौघे निघालो. घरात लहानथोर सगळे त्यांना मामूच म्हणतात, आमचा मुलगाही.

निघण्याआधी मामूंनी सगळी बोट दाखवली. शिडीखाली एक गोल स्विच होता, बॅटऱ्यांचा. त्यावर चार खुणा: ‘बंद’, ‘१’, ‘दोन्ही’ आणि ‘२’. एक बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी राखलेली, दुसरी दिवे, रेडिओ आणि पंपासाठी. “इंजिन चालू असताना हा स्विच ‘बंद’वर गेला तर अल्टरनेटर जळतो,” मामू मुलाकडे बघून म्हणाले. “त्याला हात लावायचा नाही.” मुलाने मान डोलावली. हे वाक्य पुढे आम्हाला फार आठवणार होते.

पहिला मुक्काम मुरुडजवळ, राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी. समोर जंजिरा. सिद्दी नवाबांचे हे संस्थान १९४८ पर्यंत टिकले, आणि किल्ला तर कोणालाच लढून जिंकता आला नाही. संध्याकाळच्या उन्हात त्याचे बुरूज पाण्यातून थेट वर आलेले दिसतात. मगरिबची नमाज बोटीतच झाली. कोकणातून किब्ला म्हणजे पश्चिमेच्या किंचित उत्तरेला, म्हणजे मावळतीच्या उजेडाच्या जरा उजवीकडे. होकायंत्र हातात असूनही मामूंनी आधी आकाशाकडे पाहिले आणि मग सुईकडे.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर नांगर उचलला. बेत असा की रात्रभर चालून सकाळी रत्नागिरी गाठायची, सुमारे ८० सागरी मैल. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात वाऱ्याचे वेळापत्रक ठरलेले असते. पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा उठतो, संध्याकाळी तो मंदावतो. दुपारी शिडे छान भरली. आम्ही कोकणी शाफई, सफरीत जोहर आणि असर एकत्र, कसर करून अदा केली. हर्णैच्या पुढे सूर्य मावळला, वारा पडला आणि मामूंनी इंजिन सुरू केले.

रात्री डावीकडे दाभोळचे दिवे दिसू लागले. बहमनी आणि आदिलशाही काळात हे मोठे बंदर होते. घोडे यायचे, कापड जायचे आणि हाजी इथून जहाजात चढायचे. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले. किनाऱ्यावरची जुनी शाही मशीद, लोक जिला अंडा मशीद म्हणतात, ती आजही उभी आहे. मामू सांगत होते की मुंबईहून हाजींना नेणारी जहाजेही १९९५ साली बंद झाली आणि समुद्रमार्गे हजला गेलेली शेवटची पिढी आता आपल्या घरांतून उठत चालली आहे. बोलता बोलता ते खाली गेले. इंजिनाची बॅटरी आता भरली असेल, दिव्यांची वेगळी करतो, असे काहीतरी म्हणाले.

आम्ही सुकाणूवर होतो. होकायंत्राचा छोटा दिवा एकदा विझला आणि लगेच लागला. डोळा मिटून उघडावा तेवढाच वेळ. एखादी वायर सैल असेल, असे आम्हाला वाटले. पाच मिनिटांनी मुलाने इंजिनच्या पाटीकडे बोट दाखवले. तिथला बॅटरीच्या चित्राचा तांबडा दिवा पेटलेला होता.

ज्यांच्या घरी मोटार किंवा टेम्पो आहे त्यांना हा दिवा माहीत असेल. त्याचा अर्थ, अल्टरनेटर वीज देत नाही. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारे हे नारळाएवढे यंत्र. आत एक चुंबक फिरतो, भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज तयार होते. ती उलटसुलट वाहणारी वीज डायोड नावाच्या छोट्या दारांतून एकाच दिशेने बाहेर पडते आणि बॅटरीत जाते. रस्त्यावर तो बंद पडला तर गाडी ढकलत जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. समुद्रावर दिवे, रेडिओ, नकाशा दाखवणारा पडदा, आपोआप सुकाणू धरणारे यंत्र आणि बोटीत शिरलेले पाणी उपसणारा पंप, सगळे त्याच एका यंत्राच्या जिवावर.

मामूंनी बॅटरीच्या काचेवर पाहिले. १२.३ व्होल्ट. अल्टरनेटर चालू असता तर १४ च्या वर आकडा दिसायला हवा होता. पूर्ण भरलेली बॅटरी १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी संपली. आणि निम्म्याच्या खाली उतरवत राहिले तर बॅटरीचे आयुष्य घटते. पट्टा तुटलेला नव्हता, सैलही नव्हता. वायरी घट्ट होत्या. मग काटकसर सुरू झाली. फ्रिज बंद. आपोआप सुकाणू बंद, कारण ते तासाला तीन-चार अँपिअर खाते. नकाशाचा पडदा बंद, कागदी नकाशा बाहेर. बोटीचे नियमाचे तांबडे, हिरवे आणि पांढरे दिवे मात्र चालूच, कारण या किनाऱ्यावर रात्री मच्छीमार बोटींची वर्दळ असते. रेडिओही सोळा नंबरवर चालू. डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला फिरत राहायला वीज लागत नाही, म्हणून ते बंद करायचे नाही असे ठरले.

रात्रभर आम्ही तासातासाने हाताने सुकाणू धरले. टाळकेश्वरचे दीपगृह मागे पडले. पुढे दूरवर जयगडचे दीपगृह उघडझाप करू लागले. रत्नागिरीचा बेत सोडून मामूंनी जयगडच्या खाडीत शिरायचे ठरवले. ते फारसे बोलत नव्हते. आम्हाला वाटले, थकले असतील.

शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ही खाडी आहे. किल्ला उंचावर, पलीकडे तवसाळ, मध्ये गाड्या नेणारी फेरीबोट. वारा कुठूनही असो, आत पाणी शांत असते. सकाळी नांगर टाकला, इंजिन बंद केले आणि अचानक इतकी शांतता झाली की किनाऱ्यावरचा कोंबडा ऐकू आला.

चहा झाल्यावर मामूंनी मीटर काढला. इंजिन एकदाच सुरू करून त्यांनी दोन ठिकाणी मोजले, बॅटरीवर आणि अल्टरनेटरच्या पाठीवरच्या जाड बोल्टवर. बोल्टवर १४ आणि बॅटरीवर १२ असते तर मधली वायर खराब. इथे दोन्हीकडे १२.१ होते. म्हणजे दोष यंत्राच्या आत.

त्याच वेळी आम्ही मुलाला बाजूला घेतले. रात्री विझून लागलेला दिवा आठवला होता. “स्विचला हात लावलास का?” तो “नाही” म्हणाला आणि खाली बघू लागला. पुन्हा विचारले. पुन्हा “नाही”, आणि पुन्हा नजर खाली. आपले मूल खोटे बोलते आहे, हे आईबापांना लगेच कळते असा आपला समज असतो. आमचाही होता. आम्ही त्याला चार शब्द सुनावले. मामू तीन हातांवर पाना घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

अल्टरनेटर काढताना सगळ्यात आधी बॅटरीची उणे वायर सोडावी लागते. पाठीवरच्या जाड बोल्टमध्ये इंजिन बंद असतानाही बॅटरीची वीज असते. पाना त्या बोल्टला आणि इंजिनला एकदम लागला तर ठिणग्या उडतात, हात भाजतो, आगही लागते. मामूंनी ते केले, मग प्रत्येक वायरीला चिंधी बांधून खूण केली आणि मुलाला फोनवर फोटो काढायला सांगितले. पट्टा उतरवला, दोन बोल्ट सोडले. पाच किलोचे ते धूड आम्ही जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातले.

किनाऱ्यावर नेण्यासाठी आमची रबरी होडी उतरवायच्या आतच गावातले एक वयस्क तांडेल आपली होडी घेऊन आले. सलाम झाला, गाव विचारले गेले, आणि दोन वाक्यांत त्यांची आणि मामूंची कुठल्याशा लग्नातली ओळख निघाली. बंदरावर पोलिसांना बोटीचे कागद दाखवले. “मशीन कुठे पळून जात नाही, भाई. आधी जेवा,” तांडेल म्हणाले. त्यांच्या घरी तांदळाची भाकरी, बांगड्याचे सालन आणि पाहुण्यांना वाढताना होणारा तो आग्रह. जोहरनंतरच आम्हाला एसटीत बसू दिले.

जयगड ते रत्नागिरी ५० किलोमीटरच्या आसपास. जांभ्याच्या सड्यावरून रस्ता जातो, दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा. जानेवारीत झाडे मोहरलेली होती आणि तो वास खिडकीतून आत येत होता. मामूंनी पिशवी मांडीवर घेतली होती, दोन्ही हातांनी धरून. मुलगा त्यांच्या शेजारी बसला होता. दोघेही बाहेर बघत होते.

मिरकरवाडा हे कोकणातल्या मोठ्या मच्छीमार बंदरांपैकी एक. ट्रॉलर दुरुस्त करणारी दुकाने त्याच्या आसपासच आहेत. तांडेलांनी पत्ता दिलेले दुकान दहा बाय बाराचे, छतापर्यंत जुने अल्टरनेटर आणि स्टार्टर रचलेले. कारागीर चाळिशीचा. त्याने मामूंना चाचा म्हणून बसायला स्टूल दिले आणि यंत्र टेबलावर घेतले. दहा मिनिटांत ते उघडे पडले. त्याने आम्हाला एकेक गोष्ट दाखवली. कार्बन ब्रश झिजून बोटाच्या नखाएवढे उरलेले. बेअरिंगमध्ये खारे पाणी जाऊन खरखर. “हे सगळे वयाचे आहे,” तो म्हणाला. मग डायोडच्या प्लेटला मीटर लावला. “हे वयाचे नाही. एका झटक्यात गेलेत. चाचा, इंजिन चालू असताना बॅटरी तोडली होती का कोणी?”

त्याने समजावून सांगितले. अल्टरनेटर जोरात वीज देत असतो. ती पिऊन घेणारी बॅटरी अचानक नाहीशी झाली तर वीज कुठे जाणार? क्षणभर व्होल्टेज कित्येक पट उसळते आणि डायोड फुटतात. मिरकरवाड्यात त्याच्याकडे असे बरेच येतात. जुन्या डायनामोच्या काळात काही मिस्त्री चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघायचे, इंजिन चालू राहिले तर डायनामो चांगला. तीच सवय लोक अल्टरनेटरवर करतात आणि चांगले यंत्र घालवून बसतात.

आमची नजर मुलाकडे गेली. त्याची आमच्याकडे नव्हती. तो मामूंकडे बघत होता.

मामू स्टुलावरून उठले. “मी तोडली,” ते म्हणाले. “अंधारात स्विच ‘दोन्ही’वरून ‘१’वर न्यायचा होता. एक घर मागे फिरवायचा. मी उलटा फिरवला. ‘२’वरून, ‘बंद’वरून, मग ‘१’वर आलो. दिवे विझले तेव्हाच मला कळले.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “सकाळी तुम्ही या मुलाला विचारत होता तेव्हा मी ऐकत होतो. चौतीस वर्षे लोकांना हेच शिकवले. तोंडातून शब्द निघेना.”

कारागिराने मान खाली घालून प्लेटचे स्क्रू सोडायला घेतले. मामू मुलासमोर उभे राहिले आणि दोन्ही हातांत त्याचा हात घेऊन म्हणाले, “बेटा, यंत्र माझे होते, त्याचे नुकसान माझे. तुझ्यावर आळ आला, तो हक्क तुझा आहे. तू माफ केल्याशिवाय तो माझ्या डोक्यावरून उतरणार नाही. मला माफ कर.”

मुलगा रडू लागला. तो शिडीवर बसला होता, त्याने स्विच फिरताना पाहिला होता. मामूंचे नाव घेणे म्हणजे बेअदबी, असे त्याला वाटले, म्हणून तो खाली बघत राहिला. हक्कुल-इबादवर आपण किती बयान ऐकतो. माणसाचा हक्क मारला तर त्या माणसाची माफी मागितल्याशिवाय सुटका नाही, हे मुलांना पाठ करून घेतो. एका सत्तरीच्या माणसाला चौदा वर्षांच्या मुलासमोर ते करताना आम्ही पहिल्यांदा पाहिले. मग आमची पाळी होती. पुराव्याशिवाय बदगुमानी आम्ही केली होती, तीही स्वतःच्या मुलाविषयी. आम्हीही त्याची माफी मागितली, त्याच दुकानात, ग्रीसच्या वासात.

डायोडची प्लेट दुसऱ्या दिवशी मिळणार होती. नवा अल्टरनेटर का घेत नाही, असे आम्ही विचारले. कारागीर म्हणाला, मिळेल, पण मोटारीचा मिळेल. पकड वेगळी, पुली वेगळी. पुली रेषेत बसली नाही तर पट्टा महिन्यात खाईल. काही बोटींत उणे वायरही इंजिनपासून वेगळी ठेवलेली असते, ती जुळायला हवी. आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर मोटारीचा अल्टरनेटर बोटीत लावूच नये, कारण आत उडणारी ठिणगी बाहेर जाऊ न देणारी रचना त्यात नसते आणि पेट्रोलची वाफ बोटीच्या तळाशी साठून राहते. डिझेलला ती भीती कमी. “तुमचे मूळ यंत्र चांगले आहे. विकायला मला काय, नवा विकला तर फायदाच आहे,” तो हसून म्हणाला. ती रात्र आम्ही शहरातल्या नातेवाइकांकडे काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी प्लेट, नवे ब्रश आणि दोन नवी बेअरिंग घालून त्याने अल्टरनेटर टेबलावरच्या मोटारीला जोडून फिरवला. काटा १४.३ वर जाऊन थांबला. नव्या यंत्राच्या मानाने पैसे फारच थोडे झाले. मजुरीचा आकडा सांगताना तो संकोचला, मामूंनी त्यात थोडी भर घातली, त्याने ती परत केली. शेवटी त्या पैशांत एक जादा पट्टा आणि ब्रशचा जादा जोड घ्यायचे ठरले. एसटीत या वेळी पिशवी मुलाच्या मांडीवर होती.

जयगडला पोचलो तेव्हा असर झाली होती. अल्टरनेटर बसवण्याचे काम मामूंनी मुलाकडून करून घेतले. फोटो बघून त्याने वायरी जोडल्या. पट्टा ताणून अंगठ्याने मध्ये दाबला, सेंटिमीटरभर दबला तेव्हा बोल्ट आवळले. बॅटरीची उणे वायर सगळ्यात शेवटी. चावी फिरवली, तांबडा दिवा लागला. इंजिन सुरू झाले, दिवा विझला. “चौदा पॉइंट दोन,” मुलगा ओरडला. किनाऱ्यावरून तांडेलांनी हात हलवला. मामूंनी “अल्हम्दुलिल्लाह” म्हटले आणि शिडीवर बसून चष्मा पुसत राहिले.

त्या संध्याकाळी त्यांनी एक कागद लिहून त्या गोल स्विचवर चिकटवला. ‘इंजिन चालू असताना फिरवू नये. फिरवावाच लागला तर दिवा लावून, दोघांनी बघून.’ खाली त्यांनी मुलाला सही करायला लावली आणि स्वतःचीही केली. मग त्याला म्हणाले, “मोठ्याची चूक चारचौघांत बोलू नये, हे बरोबर. पण एकट्याला कानात येऊन सांगावी. त्या रात्री तू मला सांगितले असतेस, तर सकाळी तू बोलणी खाल्ली नसतीस आणि मीही वाचलो असतो. अदब म्हणजे गप्प बसणे नाही, बेटा.” थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “अर्थात, सांगायला यावे असा मोठा माणूसही असायला पाहिजे.”

कुरआनमध्ये समुद्रात चालणाऱ्या जहाजांचा उल्लेख अल्लाहच्या निशाण्या म्हणून पुन्हा पुन्हा येतो. आजवर आम्ही तो ऐकताना डोळ्यांपुढे मोठी जहाजे, भरलेली शिडे आणायचो. आता त्याबरोबर एका दुकानातले ग्रीसचे टेबल आणि त्यासमोर उभे राहिलेले मामू आठवतात.

पहाटे मतलई वाऱ्यावर आम्ही खाडीबाहेर पडलो. दुपारी भगवती बंदराचे दीपगृह दिसले, खाली मिरकरवाड्याच्या बोटींची दाटी. बंदरात शिरण्यासाठी इंजिन लावले. मुलगा पाटीसमोर बसून दर दहा मिनिटांनी आकडा वाचत होता आणि मामू दर वेळी त्याला “जी” म्हणून उत्तर देत होते.